लाकडाचा वाटा

दस्तगीर शिकलगार फळीवर बोटाचं पेर आपटतो आणि झाड उगवतीच्या उतारावर होतं की मावळतीच्या ते सांगतो, ही बातमी मिरजेत मीच पसरवली. खरं म्हणजे तो दोनच शब्द बोलायचा. 'बोलती' किंवा 'मुकी'. पण तेवढ्यावर गिटार विकली जात नाही हो. मुंबईहून, बेंगळुरूहून खांद्यापर्यंत केस वाढवलेली पोरं यायची, फळीला हात लावून विचारायची, "काका, हे लाकूड कुठलं?" दस्तगीर म्हणायचा, "फणस." संपलं. पोरांची तोंडं उतरायची. मग मी माझ्या कामावरून मान वर काढून म्हणायचो, "फणस खरा, पण कुठला ते सांग की!" आणि मग मीच सांगायचो.

एका गिटारीचं लाकूड बंद पडलेल्या टॉकीजच्या पडद्यामागचं होतं, चाळीस वर्षं गाणी पिऊन तर्र झालेलं. एकीचं कृष्णेच्या पुरात आठ दिवस बुडून वर आलेल्या होडीचं. होडी वर आली तेव्हा तिच्यात एक मासा जिवंत होता आणि शेपटी आपटत होता ती तालात, असं मी एका पोराला सांगितलं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

मी नरहर कोष्टी. स्टेशनच्या रस्त्याला माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान : जळालेले पंखे, मिक्सर, विहिरीवरचे पंप. शेजारच्या गाळ्यात दस्तगीर. त्याच्या घरात चार पिढ्या तंबोरे. भोपळे निवडायचे, दांड्या घासायच्या, घोडीवर तार गुंजेल अशी जवारी काढायची. तंबोऱ्याची गिऱ्हाइकं आटली तेव्हा त्यानं इलेक्ट्रिक गिटारीचं अंग कोरायला घेतलं आणि मधल्या भिंतीवर मूठ आपटून मला हाक मारली, "नऱ्या, तार गुंडाळतोस न्हवं? ये हिकडं."

आता ज्यांनी ही गिटार आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तंबोऱ्याचा भोपळा पोकळ, आवाज त्यात घुमतो. इलेक्ट्रिक गिटारला असं पोट नसतं, नुसती भरीव फळी. आवाज धरायचं काम तारांखालचा पिकअप करतो. सहा लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. पोलादी तार चुंबकावर थरथरली की वेढ्यांत वीज थरथरते, आणि ती भोंग्यातून ऐकू येते. पिकअपला तार कळते. लाकूड कळत नाही. लाकूड फार तर तारेची थरथर थोडी पिऊन टाकतं, एखादं वरचे सूर पितं, एखादं खालचे. म्हणून जोडी जमवायची. साग कडक, त्याचा आवाज टोचतो, मग वेढे वाढवून टोक बोथट करायचं. शिवण मऊ, तिला वेढे कमी द्यायचे, की ती उजळते. दस्तगीर फळी वाजवायचा, मी डोळे मिटून ऐकायचो आणि म्हणायचो, "साडेसात हजार." तो म्हणायचा, "दोनशे वाढव." आणि ते बरोबर निघायचं.

एक गोष्ट मात्र मी त्याला कधी सांगितली नाही.

मोटर वायंडर कॉइल कधी उघडी सोडत नाही. वार्निशमध्ये बुडवायची, भट्टीत भाजायची, मगच हातावेगळी करायची. सैल वेढा म्हणजे आमच्या धंद्यात लाज. पिकअपला वार्निशऐवजी वितळलेलं मेण चालतं. पहिल्या गिटारीच्या वेळी ऐन वेळी वीज गेली, शेगडी विझली, मेण थिजलं आणि कॉइल अर्धीच भिजली. वीज आली तेव्हा दस्तगीरला धीर कुठला! तशीच बसवायला लावली. मग त्यानं तारांना हात न लावता, जन्माच्या सवयीनं फळीवर पेर आपटलं.

भोंगा म्हणाला, टक्क.

मला तेव्हाच कळलं. वरचे वेढे मेणाविना सैल राहिले होते. फळी हलली की तेही चुंबकापाशी हलत होते आणि वीज तयार होत होती. चूक माझी. पण दस्तगीरचं तोंड तुम्ही बघायला हवं होतं. चार पिढ्या घुमणारं लाकूड ऐकलेला माणूस, भरीव ठोकळ्यात आपलं काही ऐकू येईल का या धास्तीनं महिनाभर वाळला होता. "बोलती रं नऱ्या, बोलती!" म्हणत त्यानं मला भुश्शासकट मिठी मारली. मिठीतल्या माणसाला कसं सांगणार की बाबा, हा मेणाचा दोष आहे?

त्या दिवसापासून पस्तीस वर्षं मी प्रत्येक कॉइल मुद्दाम अर्धीच बुडवली आणि वर झाकण ठोकलं. तोटा एकच, भोंगा मोठा केला की त्याच्याच आवाजानं सैल वेढे हलायचे आणि गिटार शिट्टी घालायची. त्यावर मी गिऱ्हाइकाला सांगायचो, "लाकूड जुनं आहे, मानी आहे. भोंग्याशी फार सलगी केलेली त्याला खपत नाही. सहा पावलं लांब उभे राहा." पोरं पावलं मोजून उभी राहायची. काही तर आधी गिटारला नमस्कार करायची.

दोन हजार छत्तीस साली पुण्याहून केतकी राजोपाध्ये आली. नादमिती नावाच्या कंपनीत इंजिनिअर होती. बिनड्रायव्हरच्या रिक्षातून तिनं शिवणयंत्राएवढी एक पेटी उतरवली. यंत्राचं नाव सुरांश.

"काका, दोन गोष्टी मिळून एक आवाज झाला, तर त्यात कुणाचा किती वाटा ते हे यंत्र सांगतं," ती म्हणाली. "हे पोलादी बोट तार हजार वेळा एकसारख्या जोरानं छेडतं. एक लाल किरण फळीवरचे चारशे ठिपके मोजतो, दुसरा तार मोजतो. इकडे पिकअपमधली वीज आपण टिपतो. मग संगणक तीच गिटार त्याच्या हिशेबात दगडाची करून वाजवतो. खऱ्या आवाजातून दगडी आवाज वजा केला, की उरतं ते लाकडाचं."

"मीबी तेच करतो की बाई," दस्तगीर म्हणाला. "नको ते काढून टाकायचं. फकस्त माझा कचरा झाडावा लागतो."

ती हसली. मग जरा अवघडून म्हणाली, "आधीच सांगते, वाईट वाटून घेऊ नका. जगभरच्या तीन हजार गिटारी मोजल्यात. लाकडाचा वाटा दोन टक्के येतो, फार तर तीन. बाकी सगळं पिकअप आणि तारा."

दस्तगीर पटाशी पुसत बसला. पोलादी बोट पाऊण तास टणटण करत होतं. पडद्यावर आकडा उमटला. चौतीस.

केतकीनं पुन्हा मोजलं. चौतीस. भिंतीवरची दुसरी गिटार काढली, शिवणीची. एकतीस. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काका, लाकडाला तुम्ही करता तरी काय?"

"ऐकतो," दस्तगीर म्हणाला. "बाकी ह्याला विचारा. हा सांगतो चांगलं."

अगदी ओठांवर आलं होतं : बाई, झाकण काढा, मेण बघा. तुमचं यंत्र जे तारेचं नाही ते सगळं लाकडाच्या पदरात टाकतं. लाकडाचं बोलणं खरं आहे, पण ते ऐकायला पिकअपला कान फुटलाय तो सैल वेढ्यांमुळे. एवढंच बोलायचं होतं. पण एक तर सैल वेढ्याची लाज. दुसरं, दस्तगीरचे डोळे. आणि तिसरं, आता लपवून काय करायचंय, मला गंमत वाटली. पुण्याचं एवढं यंत्र, आणि माझ्या अर्ध्या मेणानं त्याला टोपी घातली!

"त्याचं असंय ताई," मी म्हणालो, "ही फळी एका होडीची. कृष्णेला पूर आला, होडी आठ दिवस तळाशी..."

मासा तिनंही लिहून घेतला.

वर्षाच्या आत सुरांश मिरजेत सगळीकडे झालं. माणसाला एकदा वाटा मोजता येतो म्हटल्यावर न मोजता राहवत नाही. बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याला अकरा टक्के निघाले. तेव्हापासून तो वरातीत सगळ्यांच्या मागून चालतो. दोन सख्ख्या बहिणी जोडीनं गायच्या, त्यांना यंत्रानं साठ आणि चाळीस सांगितलं. चाळीसवालीनं गाणं सोडलं. साठवालीला एकटीला कुणी बोलवेना. यंत्र खोटं बोलत नव्हतं, हीच त्यातली मोठी अडचण.

दस्तगीरनं तर दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं, 'चौतीस टक्के'. बाहेरगावचा माणूस काहीतरी सूट आहे समजून आत यायचा. पहिल्यांदा मला मजा वाटली. मग लक्षात आलं, तो फळी वाजवताना मला हाक मारत नाही. एकटाच वाजवतो, एकटाच मान हलवतो, आणि वेढ्यांचा आकडा चिठ्ठीवर लिहून पाठवतो.

चैत्रात त्याला पुण्याचं बोलावणं आलं. मोठ्या सभागृहात, देशभरच्या वादकांसमोर प्रयोग. लाकूड दस्तगीरचं, पिकअप कंपनीचा. मशीनवर गुंडाळलेला, एका सुताची चूक नसलेला. त्याच्या लाकडावर त्याच्या नावानं गिटारी निघणार होत्या. हे त्यानं माझ्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं.

"आणि आपली जोडी?" मी विचारलं.

"जोडी लाकडाची न तारंची, नऱ्या. तार कोणबी गुंडाळतंय."

"पस्तीस वर्षं कोणबी गुंडाळत होतं होय रं?"

"चिडायला काय झालं लका? कॉइल पंख्यालाबी असती. पंखा गातो काय?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिघंही हसली. त्यातल्या एकाचा तर पंखाच माझ्या हातात होता. मला सांगता आलं असतं, 'दस्त्या, त्यांचा पिकअप बहिरा असतो, तुझं लाकूड त्यात मुकं होईल.' मी पंख्याची कॉइल वार्निशमध्ये बुडवली, पूर्ण, आणि म्हणालो, "जा की मग. शुभेच्छा."

दोन दिवसांनी दुपारी जैबुनभाभी आल्या, दस्तगीरची बायको. हातात डबा. भाभी एरवी दुकानात बसत नाहीत, त्या दिवशी स्टूल ओढून बसल्या.

"नरूभाऊ, ते लई उडायलेत हल्ली. जेवताना ताटलीवर बोट आपटतात. पुण्यात कायतरी विपरीत तर होणार न्हाई न्हवं? तुम्हाला त्यातलं कळतं."

"लाकूड त्याचं, कान त्याचा. मी पंखेवाला."

त्यांनी हातातला डबा मांडीवर घेतला.

"बंडल मारताना तुम्ही इतकं थोडं बोलत न्हाई," त्या म्हणाल्या.

"म्हणजे खरं बोलतोय."

"न्हाई. म्हणजे कायतरी गिळलंय." डबा ठेवून त्या निघून गेल्या. डब्यात माझ्या आवडीचा खिचडा होता. तो मी पूर्ण खाल्ला, हेही इथं लिहून ठेवतो.

प्रयोगाला मी गेलो. न कळवता, अकराव्या रांगेत बसलो. खिशात एक कॉइल होती, अर्धी बुडवलेली. ती का घेतली हे तेव्हा मला विचारलं असतं तर मी काहीतरी मजेशीर सांगितलं असतं.

मंचावर तीन गिटारी. एक फणसाची, एक तुनीची, दोन्ही दस्तगीरनं वर्षभर जपलेल्या फळ्यांतून कोरलेल्या. तिसरी तुलनेसाठी कंपनीनं आणलेली, उसाच्या चिपाडाच्या दाबलेल्या फळीची. तिन्हींना कंपनीचा पिकअप, मेणात नखशिखांत न्हालेला. दस्तगीर पांढऱ्या सदऱ्यात, जाकीट नवं. केतकीनं त्याची ओळख करून देताना होडीची गोष्ट सांगितली. माशासकट.

पोलादी बोट वाजू लागलं. मागच्या मोठ्या पडद्यावर आकडे आले. फणस, दोन पूर्णांक एक. तून, एक पूर्णांक नऊ. चिपाडाची फळी, दोन पूर्णांक चार.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. केतकी यंत्राच्या बटणांशी उगाच खुडबुड करू लागली.

"थांबा," दस्तगीर म्हणाला. त्यानं फणसाची गिटार उभी धरली आणि फळीवर पेर आपटलं.

भोंगा गप्प.

खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. पंखा गातो काय, त्याचं उत्तर मिळालं असं वाटलं.

त्यानं पुन्हा आपटलं, जोरात. मग भोंग्याला कान लावून वाकला आणि लांब हात करून तिसऱ्यांदा आपटलं. सत्तरीचा माणूस, सातशे लोकांसमोर भोंग्याला कान लावून उभा. चौथ्यांदा आपटलं तेव्हा पेराचं कातडं फुटलं आणि फणसाच्या पिवळ्या लाकडावर रक्ताचा ठिपका उमटला. आता मला बरं वाटत नव्हतं. खिशातली कॉइल हाताला लागत होती. दोन तारा डागायच्या, दहा मिनिटांचं काम. मंचापर्यंत जायला नऊ पायऱ्या, मोजल्या होत्या मी. पण मंचावर जायचं म्हणजे पस्तीस वर्षं खोटं चालवलं हे सातशे लोकांना सांगायचं, आणि पंधरा दिवस गप्प बसलो हे एकाला.

मी बसून राहिलो.

दस्तगीर सरळ झाला, लोकांकडे बघून म्हणाला, "आज हवा जरा दमट आहे."

चैत्रातलं पुणं. बाहेर पारा चाळिसावर होता.

कंपनीनं पुढच्या महिन्यात पत्रक काढलं : मिरजेतलं पहिलं मोजमाप ही यंत्राची चूक होती, आता दुरुस्त केली आहे. ज्यांच्याकडे आमच्या जुन्या गिटारी होत्या त्यांना शिट्टी घालणाऱ्या पिकअपच्या जागी नवा फुकट बसवून मिळाला. पोरांनी रांगा लावल्या. जुने पिकअप, दस्तगीरच्या भिंतीवरच्या गिटारींतलेसुद्धा, वितळवून तांबं काढलं. दिवाळीपर्यंत अख्ख्या जगात गिटारीत बसलेली माझी एकही कॉइल शिल्लक नव्हती.

दस्तगीरनं पाटी उतरवली आणि राहिलेल्या फळ्यांचे पोळपाट करायला घेतले. चांगले करायचा. गोल, तीन पायांचे, न डुगडुगणारे. पण फळी उचलताना ती वाजवत नव्हता. उचलायची, कापायची. मधल्या भिंतीतून पस्तीस वर्षं येणारी टकटक थांबली तेव्हा मला कळलं की मी तिच्यावरच वेढे मोजत आलो होतो. माझे आकडे चुकू लागले.

शेवटी एका दुपारी मी गेलो. त्याच्याच कोरलेल्या जुन्या अंगावर माझी अर्धी बुडवलेली कॉइल बसवून, भोंगा काखेत मारून. भाभी दारात पोळपाटांना तेल लावत होत्या. मी त्यांच्यादेखत सगळं सांगितलं. वीज गेलेली, थिजलेलं मेण, सैल वेढे, शिट्टी, खिशातली कॉइल, अकरावी रांग. काही वगळलं नाही, काही वाढवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यामुळे गोष्ट फार लवकर संपली.

"तुझं लाकूड बोलतच होतं दस्त्या," मी म्हणालो. "मी फक्त कान उघडा ठेवला होता. आणि पुण्याला तो बंद होणार हे मला माहीत होतं. वाजवून बघ."

त्यानं हात पुसले. पेरावर अजून वण होता. गिटारवर आपटलं.

टक्क.

भाभींचा हात थांबला. दस्तगीरनं पुन्हा आपटलं. टक्क. तो हसला. मी पाहिलं, आणि मला वाटलं, जमलं.

"लई मेहनत घेतलीस रं नऱ्या," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"वेढं सैल सोडून आणलंस, व्हय न्हवं? म्या खूश व्हावं म्हणून. मोटर वायंडर असून सैल वेढं सोडलंस, माझ्यासाठी." त्याचे डोळे भरले होते. "पण पस्तीस वर्षं सोडत हुतास, हे लई झालं. एवढी मोठी तू आजवर हाणली न्हवतीस."

"दस्त्या, आईच्यान..."

"होडीच्या वेळंलाबी आईचीच शपथ घातली हुतीस. त्या माशाला."

"जुनी एखादी गिटार असती तर उघडून दाखवली असती रे!"

"असती तर." त्यानं गिटार माझ्या हातात दिली, अलगद, पाहुण्याचं पोर परत द्यावं तशी. "यंत्रानं मोजलंय बाबा. चिपाडापेक्षा कमी. सोड आता."

मी भाभींकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. माझ्यावरची त्यांची नजरच सांगत होती की खरं आहे ते, आणि म्हणूनच त्या मला कधी माफ करणार नाहीत. पण त्या नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. 'तुमचं लाकूड खरं होतं' हे पटवायचं तर 'तुमचा दोस्त खोटा होता' हेही पटवावं लागलं असतं, आणि दोस्त एवढाच उरला होता. त्या चहा ठेवायला आत गेल्या.

दस्तगीरनं नवी फळी पुढ्यात ओढली, करवत लावली, आणि थांबला.

"त्यापेक्षा ती होडीची सांग," तो म्हणाला. "ती बरी हुती."

मी भोंग्याची तार गुंडाळली. खाली बसलो. घसा खाकरला.

"त्या साली कृष्णेला असा पूर आला..." मी सुरुवात केली. करवत चालू झाली. होडी एरवी आठ दिवस बुडायची. त्या दुपारी मी ती अकरा दिवस बुडवली, आणि तरी मासा जिवंत ठेवला.